वही कोणाच्या हातीं?

(आठवडे-बाजाराच्या दिवशीं सायंकाळीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण. मंडळींच्या आग्रहावरून येथें देत आहों.)

शेतकरी दादांनो, लोहार-सुतार-कुंभार-शिंपी बंधूंनो, आणि ओट्यावर बसलेल्या मायबहिणींनो,

बाजार उरकून, दिवसभराच्या शिणानें पाय जड झाले असतां तुम्ही येथें बसलां आहां. म्हणून आम्ही पाल्हाळ लावणार नाहीं. विषय कर्जाचा आहे. पण कर्ज काढावें कीं काढूं नये, हें सांगायला आम्ही आलों नाहीं. तें सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरीं पेरणीच्या तोंडावर बैल बसलेला नसतो. आम्हांला बोलावयाचें आहे तें कर्जाच्या वहीविषयीं. तुमच्या नांवाची वही कोण लिहितो, तींत काय लिहितो, आणि ती तुम्हांला पाहावयास मिळते कीं नाहीं, एवढाच आजचा प्रश्न.

ह्या वहीवरून पुणें जिल्ह्यांत एकदां आग पेटली होती. १२ मे १८७५ ची गोष्ट. सुपें हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे. तेव्हां तें भीमथडी तालुक्यांत होतें. बाजारपेठेचें गांव, सावकारांचीं व वाण्यांचीं दुकानें पुष्कळ. त्या दिवशीं कुणबी मंडळी जमली आणि दुकानांत शिरली. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, घराला आगही लावली गेली. आपले लोक होते म्हणून तें झांकून ठेवणें बरें नव्हे. पण पुढें सरकारनें जी चौकशी केली तींत एक गोष्ट जागोजाग सारखी आढळली. लोक पहिल्यानें मागत ते रोखे, हुकूमनामे आणि वह्या. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें पुढें टाकले, तेथें बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाहीं. कागदांची होळी झाली, लोक घरीं गेले. पुणें व नगर ह्या दोन जिल्ह्यांतील तीसाहून अधिक गांवांत हें लोण पसरलें आणि ९५१ माणसें धरलीं गेलीं.

नांगर धरणाऱ्या माणसाला कागदाचा एवढा राग कां यावा? कारण साधें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, इकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानें हात सैल सोडला. युद्ध थांबलें, भाव पडले, त्याच सुमारास सरकारनें सारा वाढविला, आणि सावकारानें हात आखडला. त्यांत १८५९ चा मुदतीचा कायदा होता. रोख्यावर तीन वर्षेंच दावा चालेल, असें त्या कायद्यानें ठरविलें. हेतु चांगला होता. व्याज फार सांचूं नये हा. पण झालें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई. समजा शंभर रुपये घेतले, दरमहा शेंकडा दोन व्याजानें. तीन वर्षांनीं नवा रोखा एकशें बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनीं तो जवळजवळ दोनशें शाण्णवांचा. नऊ वर्षें भरलीं कीं पांचशें आठांच्या वर. हातांत पडले शंभर, आणि अंगठा पांचशेंवर! मधल्या काळांत खळ्यावरून जें धान्य गेलें, बायकोच्या अंगावरचें जें डोरलें गेलें, तें वहींत जमा झालें कीं नाहीं, हें कोणाला ठाऊक? वही सावकाराच्या घरीं, अक्षर सावकाराचें, आणि पावती देण्याची चाल नाहीं.

म्हणून लोकांनीं वही जाळली. वाचतां येत नाहीं आणि वाचूंही देत नाहींत, अशी जी वस्तु, तिचें माणूस दुसरें काय करील?

सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें. त्या मंडळाचा अहवाल १८७८ सालीं विलायतेच्या पार्लमेंटपुढें गेला, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांतलीं कलमें मुद्दाम सांगतों. न्यायाधीशानें नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊं नये, रोख्याच्या मागें जाऊन कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा. पैसे घेतल्याची पावती सावकारानें दिली पाहिजे. शेतकऱ्यानें मागितल्यास वर्षाचा हिशेब लेखी दिला पाहिजे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकतां येणार नाहीं. त्या कायद्याला आम्ही डोक्यावर घेऊन नाचत नाहीं. सावकारांनीं रोख्याऐवजीं खरेदीखतें लिहून घेण्याची वाट लवकरच काढली आणि जमिनी गेल्याच. पण एक गोष्ट मात्र कायद्यांत पहिल्यांदा कबूल झाली. वही लिहिणारा एकटा तिचा धनी नव्हे; ज्याच्या नांवाची ती वही, त्याचाही तींत हक्क आहे.

आतां कोणी म्हणेल, दीडशें वर्षांपूर्वींचें हें रडगाणें आज कशाला? तर ऐका. सावकाराची वही निदान गांवांत होती. जाळायला तरी सांपडत होती. आज तुमच्या-आमच्या नांवाची वही कोणत्या शहरांत, कोणत्या यंत्रांत आहे, हें आपल्याला दिसत नाहीं. आपण तिला 'सिबिल' म्हणतों. 'सिबिल चांगलें आहे', 'सिबिल बिघडलें', असें आपल्या बायकाही बोलूं लागल्या आहेत. सिबिल हें एका कंपनीचें नांव आहे. जसें सगळ्याच वनस्पति तुपाला आपण डालडा म्हणत होतों तशी ही गत. अशा कंपन्या आपल्या देशांत चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० सालीं निघाली, आणि ह्या धंद्यासाठीं २००५ सालीं पार्लमेंटनें निराळा कायदा केला. बँका व फायनान्स कंपन्या यांनीं आपल्या कर्जदारांची माहिती चारही ठिकाणीं कळवावी, असें रिझर्व्ह बँकेचें २०१५ पासूनचें बंधन आहे. कोणता हप्ता किती दिवस चुकला, कोणाला जामीन राहिलां, किती ठिकाणीं कर्ज मागितलें, हें सर्व तेथें जातें. त्यावरून तीन आंकडी गुण पडतात. सिबिलचे गुण तीनशें ते नऊशें. शाळेंत नापास झालेल्या पोराला निदान मास्तर कोण तें माहीत असतें!

हा धंदा मूळचा अमेरिकेचा. १८४१ सालीं न्यूयॉर्क शहरांत लुई टॅपन नांवाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानें, मंदींत हात पोळल्यावर, दूरदूरच्या दुकानदारांची पत विचारून वह्यांत नोंदविण्याचा कारखाना काढला. १८९९ सालीं ॲटलांटा येथें वुलफर्ड बंधूंनीं रिटेल क्रेडिट कंपनी काढली. तिचीं माणसें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करीत. अमका दारू पितो काय, त्याची चालचलणूक कशी, हेंही लिहून ठेवीत. लोकांत ओरड झाली, तेव्हां १९७० सालीं तेथें कायदा होऊन आपल्याविषयीं काय लिहिलें आहे तें जाणण्याचा हक्क माणसाला मिळाला. त्या कंपनीनें १९७५ सालीं नांव बदललें व ती इक्विफॅक्स झाली. आतां सांगितलेल्या आपल्या चारांतली एक कंपनी हिच्याच नांवानें चालते. २०१७ सालीं अमेरिकेंत हिच्या यंत्रांतून चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरांनीं पळविली. पेटीला कुलूप नाहीं आणि आम्हांला म्हणतात, तुमच्यावर भरंवसा नाहीं. असो.

आतां घरचीच गोष्ट सांगतों. २०१८ सालीं पिठाच्या गिरणीची मोटर बदलावयाची म्हणून आम्हीं एका फायनान्स कंपनीकडून साठ हजार रुपये घेतले. कंपनीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. हप्ते चोवीस. तेवीस बँकेंतून वेळच्या वेळीं गेले. चोविसावा आम्हीं वसुलीला येणाऱ्या पोराच्या हातीं रोख दिला. त्यानें मोबाइलवर कांहीं तरी दाबलें आणि 'झालें काका' म्हणाला. पावती आम्हीं मागितली नाहीं. दुसऱ्यांना शहाणपण सांगायला उभ्या राहिलेल्या माणसाची ही तऱ्हा! चार वर्षांनीं मुलगा जुन्या टेंपोसाठीं बँकेंत गेला, जामीन आम्ही. साहेबांनीं यंत्रांत पाहिलें आणि म्हणाले, "काका, तुमचें सिबिल खराब आहे." कशानें खराब, तें सांगेनात. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें आमच्याकडे जें पाहिलें तें अजून विसरत नाहीं. बापानें कुठें तरी गुपचूप बुडविलें असावें, असें त्याला वाटलें असलें पाहिजे.

पुतण्यानें वही मागविली तेव्हां उलगडा झाला. चोविसावा हप्ता थकलेला, त्यावर दंड, आणि शेवटीं 'बुडीत' असा शेरा. कंपनीकडे गेलों, ते म्हणाले, पावती दाखवा. पावती कोठली? शेवटीं सुनेच्या जुन्या मोबाइलवर त्याच तारखेचा कंपनीचा स्वतःचा संदेश सांपडला, पैसे पोंचल्याचा. तो जोडून तक्रार केली आणि सव्विसाव्या दिवशीं नोंद दुरुस्त झाली. तोंपर्यंत टेंपो दुसऱ्यानें नेला होता. मुलगा अजून दुसऱ्याच्या गाडीवर डायव्हर आहे.

हें आमच्याच नशिबीं आलें असें समजूं नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी खात्यानें १,००१ माणसें निवडून त्यांच्या वह्या त्यांच्याकडूनच तपासून घेतल्या. निकाल फेब्रुवारी २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. दर पांचांत एकाच्या निदान एका वहींत अशी चूक निघाली कीं ती तक्रारीनंतर दुरुस्त करावी लागली. दर वीसांत एकाची चूक एवढी मोठी कीं तेवढ्यापायीं त्याला कर्ज महाग पडलें असतें. तेथें पन्नास वर्षांचा कायदा आणि घरोघर शिकलेलीं माणसें असून ही गत. मग एका नांवाचे चार-चार जण ज्या गांवांत आहेत, त्या आपल्या गांवांचें काय असेल, ह्याचा विचार करा.

वहींतल्या दोन शब्दांवर नजर ठेवा. कर्ज पुरतें फिटलें तर खातें 'क्लोज्ड' म्हणून लिहिलें जातें. तडजोडीनें थोडें कमी भरून मिटविलें तर 'सेटल्ड' म्हणून, आणि हा दुसरा शब्द पुढें नडतो. वसुलीवाला तडजोडीची गोड भाषा बोलतो तेव्हां हें तो सांगत नाहीं. तडजोड करूंच नका असें आम्ही म्हणत नाहीं. कधीं दुसरा मार्गच नसतो. पण काय लिहिलें जाणार तें आधीं विचारा. आणि जामिनाचें म्हणाल तर, मित्राचा हप्ता चुकला कीं त्याचा डाग तुमच्याही वहीवर पडतो. 'नुसती सही कर' असें म्हणणारा मेहुणा प्रत्येकाला असतोच.

आतां वसुलीचें. मायबहिणींनो, हें तुमच्यासाठीं विशेष आहे, कारण गटाचें कर्ज तुमच्या नांवावर आणि दारांत बसणारा माणूसही तुमच्याच दारांत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें अशा छोट्या कर्जाच्या वसुलीसाठीं सकाळीं नऊच्या आधीं व संध्याकाळीं सहाच्या नंतर फोन करतां येत नाहीं. इतर कर्जांना ही वेळ सकाळीं आठ ते संध्याकाळीं सात अशी आहे. वसुली दोघांनीं मिळून ठरविलेल्या जागीं व्हावी. लागोपाठ दोन वेळां तुम्ही तेथें आलां नाहीं, तरच त्यांना घरीं येण्याची मोकळीक. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणें, कर्जदारांच्या नांवांची यादी लावणें, हें सर्व मना आहे. गुंड लावून वसुली करतां येणार नाहीं, कायद्याच्या वाटेनेंच गेलें पाहिजे, असें सुप्रीम कोर्टानें एका बँकेच्या खटल्यांत २००७ सालीं बजावलें. आणि 'पोलिस येऊन उचलून नेतील' ही जी धमकी, तिला भिऊं नका. हप्ता न भरणें हा दिवाणी व्यवहार आहे. फसवणुकीचा किंवा चेक न वटल्याचा खटला निराळा.

मोबाइलवरून पांच मिनिटांत कर्ज देणारे तर सावकाराचे आजोबा आहेत. तुमच्या फोनांतले सगळे नंबर ते काढून घेत आणि हप्ता चुकला कीं सोयऱ्याधायऱ्यांना वाईट-साईट चित्रें पाठवीत. त्या लाजेनें माणसांनीं जीव दिले आहेत. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनीं अशा ॲपला तुमच्या फोनांतील नंबर, फोटो व फोनांची नोंद पाहण्याची मनाई केली आहे. जें ॲप हें मागतें तें कायद्याचें नव्हे, एवढी खूण पुरे. गांवांतल्या सावकारालाही सूट नाहीं; महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें पावती व हिशेबाचा उतारा देणें त्याला भाग आहे.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर तुम्ही म्हणाल कीं हे सगळ्याच वह्या जाळायला निघाले. २०१० सालीं आंध्र प्रदेशांत एकेका बाईला चार-चार, पांच-पांच कंपन्यांनीं गटाचें कर्ज दिलें. एकीचा हप्ता भरायला दुसरीचें कर्ज. वसुलीचा जाच एवढा झाला कीं आत्महत्यांच्या बातम्या येऊं लागल्या आणि सरकारला त्या ऑक्टोबरांत वटहुकूम काढावा लागला. त्या वेळीं कोणत्या बाईवर किती कर्ज आहे हें सांगणारी एक वही असती, आणि ती पाहण्याची सक्ती असती, तर पांचव्या कंपनीला 'आम्हांला ठाऊक नव्हतें' असें म्हणतां आलें नसतें. पुढें ती सक्ती आली. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानें तर घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नयेत. खरी वही गरिबाला वांचवूं शकते. खोटी असली, किंवा आपल्यापासून लपविलेली असली, कीं ती गळफांस होते.

मे २०२५ मध्यें राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकींत मुख्यमंत्र्यांनीं बँकांना बजावलें कीं, पीककर्ज देतांना शेतकऱ्याकडे सिबिल मागूं नका. आणि पहिल्यानेंच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ वही कोरी आहे म्हणून फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या आदेशांत आहे. बँकेच्या खिडकीपाशीं हें ऐकून घेतीलच असें नाहीं. नकार देतील तर तो लेखी मागा.

आतां कामाचें. चारही कंपन्यांकडून वर्षांतून एकदां पुरी वही फुकट मिळते. २०१७ पासूनचा हा हक्क आहे. दुकानांत बसून पांचशें रुपयांत 'सिबिल काढून देतों', हजारांत 'सुधारून देतों' म्हणणाऱ्यांना एक पैसा देऊं नका. खरी नोंद पैसे देऊन पुसली जात नाहीं, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहींत. चूक आढळली तर तक्रार दोन्हींकडे करा, वहीवाल्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे. कारण कर्ज देणाऱ्यानें होकार दिल्याशिवाय वहीवाला अक्षर बदलत नाहीं. तीस दिवसांत निकाल लागला नाहीं तर एप्रिल २०२४ पासून दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हांला मिळाली पाहिजे. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. १४४४८ ह्या नंबरावर चौकशी करतां येते.

उद्यां रविवार. सकाळीं आठ वाजल्यापासून आमचा पुतण्या व कॉलेजांतलीं दोन मुलें शाळेच्या ओसरीवर बसतील. ज्याला आपली वही पाहावयाची असेल त्यानें पॅन कार्ड, स्वतःच्या नांवाचा मोबाइल आणि घरांत असतील नसतील त्या सगळ्या पावत्या घेऊन यावें. बायकांनीं आपल्या गटाचीं कार्डें आणावीं. मोबाइलवर जो ओटीपी येईल तो ज्यानें त्यानें स्वतः दाबावा. मोठ्यानें वाचूं नये, मुलांना सांगूं नये, आणि आम्ही विचारला तर आम्हांलाही सांगूं नये.